उणे अकरा किलो

काम तसं किरकोळ होतं. चाचणीच्या हॉलमध्ये जायचं, बंद पडलेला बोर्ड पुन्हा सुरू करायचा, त्या दिवसाच्या नोंदींचा लॉग उतरवून घ्यायचा आणि परत यायचं. पाच मिनिटं, फार तर सात. ताईंनी उघडलेला डबा पुन्हा झाकला, "गार व्हायच्या आत आलेच" असं शेजारच्या टेबलाला सांगितलं आणि त्या जिना उतरल्या.

या ताई म्हणजे लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासणाऱ्या बाई. तोंडावर सगळे ताई म्हणायचे, पाठीमागे गोचीड. एखाद्या चुकीला एकदा चिकटल्या की सुटायच्या नाहीत, म्हणून. हे नाव फिरत फिरत त्यांच्याही कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलं होतं. "चिकटणाऱ्यालाच पगार देतात, घसरणाऱ्याला नाही," असं त्या म्हणायच्या.

लिफ्टने कुठे थांबायचं, दार केव्हा उघडायचं, किती वजन झालं की हलायचंच नाही, हे सगळं एक तळहाताएवढा बोर्ड ठरवतो. कंपनीचे असे तीन पिढ्यांचे बोर्ड इमारतींमधून चालू होते. नवा, मधला आणि सगळ्यांत जुना. जुन्याला सगळे आजोबा म्हणत. सॉफ्टवेअर तिघांवर एकच. नवी आवृत्ती तयार झाली की ताईंच्या चारशे बारा टेस्ट तिन्ही बोर्डांवर चालायच्या, आणि शेवटच्या काही टेस्ट तर खऱ्या शाफ्टमध्ये, खरी केबिन वरखाली करून. त्यासाठी वेळ ठरलेली होती, दुपारी एक ते दोन. तेव्हा माणसं जेवायला जातात आणि हॉल मोकळा असतो.

नऊ दिवस तीनशे सातव्या टेस्टला आजोबा आडवे होत होते. बाकी दोघे हसतखेळत पास. टेस्टचं नाव होतं 'रिकामी केबिन'. नावातच सगळं आलं. केबिनमध्ये कोणी नाही, तर वजन शून्य दिसलं पाहिजे. यात क्रॅश व्हायला काय आहे?

हॉल तीन मजले उंच होता आणि त्याला खिडकी नव्हती. मधोमध लोखंडी जाळीचा शाफ्ट, त्यात लटकलेली केबिन, खाली छातीइतका खोल खड्डा. ग्रीसचा आणि जुन्या रबराचा वास तिथे कायम असायचा. बाहेर टळटळीत दुपार होती, पण आत आल्यावर ट्यूबलाइटचा तो पांढरा उजेड बाराही महिने सारखाच. ताईंनी लॉग उघडला.

वजन: उणे ११ किलो.

त्या चक्क हसल्या. केबिन रिकामी असताना रिकामीपेक्षा हलकी! वजनकाटा बिघडला, दुसरं काय. मग सहज म्हणून त्यांनी बाकीच्या दोन बोर्डांचे लॉग काढले आणि त्यांचं हसू आटलं. त्यांच्याकडेही उणे अकराच आलं होतं. पण मधल्याने आणि नव्याने ते मुकाट्याने शून्य समजून घेतलं होतं आणि पुढे गेले होते. बोंब मारली होती ती एकट्या आजोबांनी.

तेवढ्यात खड्ड्यातून आवाज आला. पत्र्यावरून तळहात सरकावा तसा. एकदा... थोडं थांबून पुन्हा एकदा. आणि मागोमाग दम लागलेल्या माणसाचा उच्छ्वास.

दुसरं कोणी असतं तर पायात चपला राहिल्या नसत्या. ताई जागच्या हलल्या नाहीत. खड्ड्याकडे तोंड करून म्हणाल्या, "कोण आहे? काही सांगायचं असेल तर नीट सांगा. कोड्यात बोलणारी माणसं मला घरीदारी पुरेशी आहेत."

काट्याच्या पडद्यावरचा आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत बदलला. उणे बारा.

संध्याकाळी त्यांनी मिस्त्रींना गाठलं. हॉलमधली लिफ्ट सांभाळणारे हे मिस्त्री पन्नाशीचे, अबोल, कामात चोख. त्यांनी काटा काढून तपासला, वीस-वीस किलोची लोखंडी वजनं ठेवून पाहिली. काटा बावनकशी होता. पुढचे तीन दिवस दोघांनी पाहिलं, सकाळी शून्य, संध्याकाळी शून्य. फक्त दुपारी सव्वाच्या सुमाराला उणे. आणि रोज थोडं जास्त. तेरा, सोळा, एकोणीस.

"मिस्त्री, मला एवढंच सांगा," ताईंनी विचारलं, "केबिन रिकामीपेक्षा हलकी कधी होते?"

मिस्त्री पान्यावरचं तेल पुसत राहिले.

"खालून कोणी उचलून धरली तर," ते म्हणाले.

मग खाली बघूनच बोलत राहिले. "आठ वर्षं झाली. याच खड्ड्यात माझा थोरला भाऊ गेला. केबिनखालचं रबर बदलायला उतरला होता. जॅक लावून केबिन जराशी उचलायची आणि जुनं रबर काढायचं, एवढंच काम. केबिन खाली आली. सव्वाची वेळ. मी जेवत होतो... मला सांगायला आले तेव्हा हातातला घास हातातच होता."

"आणि चौकशी?"

"झाली की. खड्ड्यात लाल बटण असतं. ते दाबलं की वरून कोणी काहीही केलं तरी केबिन हलत नाही. कागदावर आलं, की बटण दाबायला विसरला. स्वतःचा निष्काळजीपणा." मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "ताई, माझा दादा घरी बल्ब बदलताना मेन स्विच बंद करून वर वहिनीला तिथे राखणीला बसवायचा. तो विसरला म्हणे. वहिनीने आठ वर्षं हेच ऐकलं. नातेवाइकांकडूनसुद्धा."

त्या रात्री ताई घरी गेल्या, जेवल्या, आईच्या गुडघ्याला मलम चोळून दिलं. पण डोकं हॉलमध्येच होतं. आई म्हणाली, "अगं, गुडघा डावा दुखतोय, तू मघापासून उजवा चोळतेयस." दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या ऑफिसात होत्या.

त्यांना जे सापडलं ते तसं साधं होतं. बोर्डाच्या डोक्यात आकडे ठेवायला खण असतात. आजोबांच्या काळी खण फार लहान. वजनासाठी असा एक खण होता आणि त्यात उणे आकडा मावायचा नाही, कारण वजन उणे येईल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. उणे आकडा आला की तो शेजारच्या खणात सांडायचा आणि तिथे जे असेल ते पुसून टाकायचा. याच वर्षी ताईंनी टेस्टमध्ये एक पहारा बसवला होता. कुठलाही आकडा आपला खण सोडून बाहेर गेला, की सगळं जागच्या जागी बंद. तो क्रॅश म्हणजे पहारेकऱ्याची शिट्टी होती. चूक जुनीच होती, शिट्टी तेवढी नवीन.

इमारतींमधल्या लिफ्टमध्ये पहारेकरी नव्हता. तिथे शिट्टी वाजणार नव्हती. शेजारचा खण गुपचूप पुसला जाणार होता.

शेजारच्या खणात काय होतं ते वाचून ताई खुर्चीत मागे टेकल्या.

लाल बटण.

दादाने बटण दाबलं होतं. मग जॅक लावून केबिन उचलली होती. केबिन उचलताक्षणी वजन उणे झालं आणि बटण दाबलेलं आहे हे बोर्ड विसरला. विसरला तो बोर्ड. दादा नाही.

दुपारी बारा वाजता त्या आपल्या साहेबांच्या खोलीत उभ्या होत्या. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर तारखांचा एक मोठा तक्ता होता आणि तो जणू त्या तक्त्याचाच नोकर होता.

"ताई, सहाशे इमारतींत अजून आजोबा आहेत. सोमवारी सकाळी सगळीकडे मेकॅनिक जाणार. नवी आवृत्ती चढवायची, त्याच फेरीत केबिनखालचं रबर बदलायचं. तारीख वर्षभर आधी ठरलेली आहे. तुम्ही ती एक टेस्ट आजोबांपुरती वगळा. सही करा. नंतर बघू निवांत."

"केबिनखालचं रबर बदलायचं म्हणजे मेकॅनिक खड्ड्यात उतरणार. जॅक लावणार."

"बटण दाबून उतरतील."

"हो ना. तोही दाबूनच उतरला होता."

साहेबांनी चष्मा काढला. "हे कागदावरचं गणित आहे. इतक्या वर्षांत सहाशे इमारतींत कुठे काही झालं?"

"कुठे झालं ते तुम्हाला माहीत आहे. दोन मजले खाली."

"त्याची चौकशी झाली, ताई. विषय संपला. सिद्ध करता येत असेल तर बोला, नाहीतर सही करा."

"करते," ताई म्हणाल्या. "सिद्ध करते. आजच, सव्वाला. तुम्हीही या."

मिस्त्रींनी एका शब्दानेही विरोध केला नाही. उलट तेच तयारीला लागले. ताईंनी इमारतींतल्यासारखा, पहारा नसलेला आजोबांचा बोर्ड लिफ्टला जोडला. तिन्ही मजल्यांवर लिफ्ट बोलावायची बटणं होती, त्यांच्या तारा त्यांनी स्वतःच्या हाताने तोडल्या आणि टोकांना चिकटपट्टी गुंडाळली. आता केबिनला कोणी बोलावूच शकत नव्हतं. केबिन जमिनीपासून कमरेइतकी वर थांबवली होती. त्या फटीतून वाकून खड्ड्यात उतरायचं. "वीज तोडली असती तर बरं," ते पुटपुटले, पण वीज तोडली तर बोर्डही झोपतो आणि मग सिद्ध काय करणार?

"तुम्ही वर थांबा, मी उतरते," ताई म्हणाल्या.

"माझ्या भावाचा खड्डा आहे तो," मिस्त्री म्हणाले आणि आधी उतरले.

खाली गारवा होता, बाहेरच्या उन्हाशी काही संबंध नसलेला. डोक्यावर केबिनचा काळा तळ, हात वर केला तर लागेल इतका जवळ. ताईंच्या हातात लांब वायरीचा छोटा पडदा होता, वजन दाखवणारा. साहेब वर जाळीबाहेर उभे होते, त्यांचे पॉलिश केलेले बूट तेवढे दिसत होते.

मिस्त्रींनी लाल बटण दाबलं. वर तांबडा दिवा लागला.

"दिवा लागला, साहेब?"

"लागला."

"नीट बघत राहा."

मिस्त्रींनी खांब उभा करून जॅक फिरवायला सुरुवात केली. केबिनचा तळ किंचित कण्हला. पडद्यावर आकडे उतरू लागले. शून्य. उणे चार. उणे नऊ. उणे बारा.

"साहेब, दिवा?"

वरचे बूट एक पाऊल मागे सरकले.

"साहेब!"

"विझला..." साहेब म्हणाले. "आपोआप विझला."

ताईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री तोंडावर हात ठेवून उभे होते. आठ वर्षांचा हिशेब त्या एका विझलेल्या दिव्यात होता. बटण अजून आत दाबलेलंच होतं.

"झालं," ताई म्हणाल्या. "चला वर."

आणि केबिन खाली सरकली.

कोणी बोलावलं नव्हतं. मोटरचा आवाज नव्हता. नुसती सरकली, जड झोपेत कूस बदलावी तशी. जॅकचा खांब वाकला, टणकन उडून भिंतीवर आदळला. कमरेइतकी फट मांडीइतकी झाली, मग गुडघ्याइतकी. ताई खाली बसल्या, मिस्त्री बसले. वर साहेब ओरडत होते. फट वीतभर उरली तेव्हा ताईंना एकच गोष्ट सुचली, की आईला आज मलम कोण चोळणार.

तेव्हा तो आवाज आला. पत्र्यावर तळहात बसल्याचा. दोन हात, थाडकन, एकदम.

केबिन थांबली.

खड्ड्यात दोन माणसं होती आणि ताईंनी तीन श्वास ऐकले. तिसरा अगदी जवळ होता, ताणलेला, दातांतून निघणारा. तापलेल्या अंगाचा वास आला, घामाचा, ग्रीसचा. दिसत काहीच नव्हतं. हातातल्या पडद्यावर आकडे धावत होते. उणे नव्वद. उणे दोनशे दहा. उणे तीनशे चाळीस.

तळ हळूहळू वर गेला. एक वीत. दोन विती. वरून उजेडाची पट्टी आत आली.

"दादा...?" मिस्त्री म्हणाले. लहान मुलासारखे. "दादा, तू..."

"मिस्त्री, निघा!"

"दादा, मला माहीत होतं रे... तू दाबलं होतंस..."

तिसरा श्वास क्षणभर अडखळला. तळ बोटभर खाली आला. ताईंनी मिस्त्रींची कॉलर धरली आणि आयुष्यात कधी कोणावर ओरडल्या नसतील अशा ओरडल्या, "त्याला काय जन्मभर धरून ठेवायला लावताय का? निघा म्हणते ना!"

साहेबांनी पालथं पडून हात आत घातला. आधी मिस्त्री बाहेर आले, मग ताई, कोपरं सोलवटून. ताईंचा पाय फटीतून निघाला आणि त्यामागे केबिन काहीही आवाज न करता खड्ड्यात जाऊन बसली. खाली जेमतेम हातभर जागा उरली होती.

तिघेही जमिनीवर टेकले. मग साहेबांमधला तक्त्याचा नोकर जागा झाला. "जॅक घसरला असेल," ते म्हणाले. "अशा गोष्टी होतात. म्हणजे... सोमवारच्या तारखेला यामुळे..."

ताई उठल्या. कोपरातून रक्त येत होतं. त्यांनी सहीचा कागद साहेबांच्या खिशातून स्वतः काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

"केबिन वर घेऊ, मग आता तुम्ही खाली उतरा. बटण दाबा. मी वर उभी राहते, पेन उघडून. तुम्ही वर आलात की सही करते."

साहेबांनी खड्ड्याकडे पाहिलं. ताईंकडे पाहिलं.

"नाही ना उतरवत? मग सहाशे इमारतींत दुसऱ्यांच्या लेकरांना कसे उतरवता? ही टेस्ट मी वगळणार नाही. नोकरीवरून काढा, दुसरी गोचीड आणा. पण आजचा लॉग आपोआप माझ्या घरच्या पत्त्यावरसुद्धा जाईल आणि सरकारी लिफ्ट तपासनिसालाही, अशी सोय मी खाली उतरण्याआधीच केलीय. सोमवारी एकही माणूस खाली उतरणार नाही."

उतरला नाही. साहेबांनी त्या संध्याकाळी स्वतः भिंतीवरचा तक्ता पुसला, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. चूक दुरुस्त व्हायला दोन ओळी पुरल्या. वजनाला मोठा खण दिला आणि लाल बटणाला वेगळी खोली. दहा दिवसांनी आजोबा चारशे बारा टेस्ट पास झाले. दुपारी सव्वालाही वजन शून्य. चौकशीच्या कागदावर नवी ओळ चढली, 'बटण दाबलेलं होतं', आणि तसं पत्र घरी गेलं. वहिनींनी ते पत्र मुलीकडून मोठ्याने वाचून घेतलं, मिस्त्रींनी सांगितलं. तीनदा. तिसऱ्यांदा दार उघडं ठेवून, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण ताईंना एक टोक सुटं दिसत होतं. दिवा का विझला ते कळलं. केबिन का सरकली ते कळलं नव्हतं. लॉगमध्ये खाली जायचा हुकूम कुठेच नव्हता. मोटर फिरली नव्हती. ब्रेक आवळलेला होता आणि भरल्या केबिनच्या दुप्पट वजन तो पेलतो.

"मग आवळलेल्या ब्रेकवर केबिन सरकायला काय लागेल?" त्यांनी मिस्त्रींना विचारलं.

"वरून दाब. खूप. दोन-अडीच हजार किलो तरी."

"काट्यात दिसलं असतं."

"नाही दिसत. काटा फरशीच्या खाली असतो, ताई. फरशीवरचं आणि तळाखालचं कळतं त्याला. छतावरचं नाही."

ताईंची नजर वर गेली.

"ताई, नको..." मिस्त्री म्हणाले. "दादा सुटला. आता पुरे."

"दादा सुटला," ताई म्हणाल्या. "पण तो आठ वर्षं कोणाविरुद्ध जोर लावत होता, ते तरी बघू दे की मला."

भर दुपार होती. ती दोघं पहिल्या मजल्यावर गेली. मिस्त्रींनी किल्लीने शाफ्टचं दार उघडलं. केबिनचं छत पायांच्या पातळीवर होतं. सहा महिन्यांपासून तिथे कोणी चढलं नव्हतं, बोटभर धूळ साचली होती. ताईंनी बॅटरी मारली.

धुळीत हातांचे ठसे होते. लहान, मोठे, बारीक बोटांचे, रुंद तळव्यांचे, एकाला एक खेटून, कडेपासून कडेपर्यंत, बसतील तितके. सगळे खाली दाबलेले. काही ठिकाणी पत्रा खोलगट झाला होता. ताईंनी मोजायला सुरुवात केली आणि चाळिसाला थांबल्या.

मिस्त्रींनी खिशातलं फडकं काढलं. "पुसू?"

"पुसायचं नाही," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज हलला नाही. त्यांनी फोटो काढले, खाली येऊन नवी नोंद केली आणि 'कारण' या रकान्यात लिहिलं: शोध चालू.

फोटो त्या संध्याकाळी मोठे करून पाहताना त्यांच्या लक्षात आलं, की एवढ्या सगळ्या धुळीत पावलाचा ठसा मात्र एकही नाही.